अठराव्या वर्षी किती अरुंद व्हायचं?

सीईटीचे पर्सेंटाइल जाहीर झाले की महाराष्ट्रातल्या हजारो घरांत एक यादी बनू लागते. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, आयटी, एआय अँड डेटा सायन्स, एआय अँड मशीन लर्निंग, सीएसई-डेटा सायन्स, सीएसई-सायबर सिक्युरिटी, कॉम्प्युटर सायन्स अँड बिझनेस सिस्टिम्स, कॉम्प्युटर सायन्स अँड डिझाइन, इलेक्ट्रॉनिक्स अँड कॉम्प्युटर. पंचवीस वर्षांपूर्वी या जागी दोन, फार तर तीन नावं असत. आता एकाच कॉलेजात एकाच मजल्यावर यांतले चार विभाग सापडतात. कॅपचा, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा, नियमही कडक झाला आहे. २०२५ पासून फेऱ्या चार आहेत; पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी कुठलीही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. ऑप्शन फॉर्मवर क्रम लावला जातो तेव्हाच चार वर्षांचा निर्णय झालेला असतो.

तो क्रम कशावरून लावतात? बहुतेक घरांत गेल्या वर्षीच्या कट-ऑफवरून. ज्या ब्रांचचा कट-ऑफ वरचा, ती फॉर्मवरही वर. त्याच्या जोडीला कोणी भाऊ-वहिनी पुण्यात आयटीत असतात, कोणी क्लासचे सर असतात, आणि सगळ्यांचं म्हणणं साधारण एकच असतं: सध्या एआयला स्कोप आहे. हा सल्ला देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण सल्ला चुकीचा आहे असं मला वाटतं, आणि का ते नीट मांडायला हवं, कारण एकदा घेतलेला प्रवेश सहजी बदलत नाही.

माझं म्हणणं असं: संगणकाचं शिक्षण घ्यायचं ठरलं असेल, तर पदवीला मिळेल तेवढी रुंद शाखा घ्यावी. कॉम्प्युटर आणि आयटी यांत फारसा फरक करत बसू नये. एखाद्या तंत्राच्या नावाची शाखा तिथला अभ्यासक्रम आणि शिक्षक पाहिल्याशिवाय घेऊ नये. आणि ब्रांचच्या नावावर आपण जितके दिवस घालवतो त्यातले निम्मे तरी दुसऱ्या एका प्रश्नावर घालवावेत: तिथे शिकवणार कोण?

संगणकशास्त्र हा विषय विद्यापीठांत आला तेव्हा तो कोणत्या घरचा हेच ठरलेलं नव्हतं. केंब्रिजला १९५३ साली संगणकशास्त्राची पदविका सुरू झाली, अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात १९६२ मध्ये स्वतंत्र विभाग निघाला. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक १९६० पर्यंत घडवला गेला होता, आणि आयआयटी कानपूरला १९६३ साली आयबीएम १६२० यंत्र आलं. या ठिकाणी काम करणारी बरीच माणसं गणिताकडून किंवा विद्युत-इलेक्ट्रॉनिक्सकडून आलेली होती. तर्कशास्त्र आणि गणित एका बाजूला, यंत्र आणि मंडलं दुसऱ्या बाजूला; संगणकशास्त्राचं कुठलंही चांगलं शिक्षण आजही या दोन पायांवर उभं असतं.

पुढे शाखा फुटल्या, त्याला कारणंही होती. एसीएम आणि आयईईई या संघटनांनी २००५ च्या आराखड्यात पाच शाखा मांडल्या: कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स, इन्फर्मेशन सिस्टिम्स, इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी आणि सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग. त्या मांडणीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंग म्हणजे हार्डवेअरच्या जवळचं, चिप आणि एम्बेडेड सिस्टिमचं शिक्षण. कॉम्प्युटर सायन्स म्हणजे सिद्धान्त आणि अल्गोरिदम. आयटी म्हणजे संस्थेला लागणाऱ्या यंत्रणा उभ्या करणं आणि चालवणं. २०२० च्या आवृत्तीत सायबर सिक्युरिटी आणि डेटा सायन्स यांची भर पडली. हे भेद कागदावर खरे आहेत. पण ते वाचून कोणी सांगलीच्या किंवा अकोल्याच्या मुलाला ‘तुला हार्डवेअर आवडतं ना, मग कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घे’ असं सांगू लागला तर तो त्या मुलाची दिशाभूल करेल. आपल्याकडे ‘कॉम्प्युटर इंजिनिअरिंग’ या पाटीखाली जे शिकवतात ते मुख्यतः कॉम्प्युटर सायन्सच आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे २०१९ च्या पॅटर्नचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून पाहा. कॉम्प्युटरला आणि आयटीला दोन्हीकडे डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क आणि थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनसुद्धा. काही विषयांचा क्रम वेगळा, काही इलेक्टिव्ह वेगळे. या फरकापायी चांगल्या कॉलेजातलं आयटी सोडून दुय्यम कॉलेजातलं कॉम्प्युटर घेणारी मुलं दरवर्षी दिसतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

मग इतकी नावं आली कुठून? त्याचं उत्तर ज्ञानाच्या वाढीत थोडं आणि जागांच्या हिशेबात जास्त सापडतं.

महाराष्ट्रात १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तेव्हापासून इथली तांत्रिक शिक्षणाची गाडी फीवर चालते, आणि जागा रिकामी राहिली की तोटा संस्थेच्या अंगावर येतो. शतक बदलण्याच्या सुमारास वायटूकेच्या कामांनी सॉफ्टवेअरला जोर आला आणि आयटी ही शाखा गावोगाव उघडली. गेल्या काही वर्षांत सिव्हिल, मेकॅनिकल, प्रॉडक्शनच्या जागा ओस पडू लागल्या, तशा त्या कमी करून संगणकाच्या कुटुंबात हलवण्यात आल्या. एका शाखेत किती जागा असाव्यात याला एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, वरची मर्यादा होती, तेव्हा नव्या नावाची शाखा काढणं हा वाढीचा सरळ मार्ग होता. २०२४-२७ च्या नियमावलीत चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी ती मर्यादाही उठवली गेली. विद्यार्थ्यांची मागणी होती, संस्थांना जागा भरायच्या होत्या, परवानगी मिळत गेली. यात बेकायदा काही नाही. पण शाखेचं नाव कुठल्या गरजेतून जन्माला आलं हे ज्याचं आयुष्य त्यावर उभं राहणार आहे त्याला माहीत असलं पाहिजे.

जागा एका परिपत्रकाने वाढतात, शिक्षक तसे वाढत नाहीत. वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे एआयसीटीईचं प्रमाण आहे. संगणकशास्त्रात एम.टेक. किंवा पीएच.डी. केलेल्या माणसाला कंपनी जो पगार देते, त्याच्या जवळपासही विनाअनुदानित कॉलेज जात नाही, त्यामुळे ते प्रमाण पाळताना काय होतं ते कॉलेजात काम करणाऱ्या कुणालाही विचारा. एकच प्राध्यापक दोन विभागांत तास घेतात. कालपरवा एम.टेक. झालेली मुलगी मशीन लर्निंग शिकवते आणि तिला स्वतःला ते कोणी नीट शिकवलेलं नसतं. ती रात्री जागून तयारी करते, तिचा दोष काहीच नाही. प्रॅक्टिकलला कोड आधीच दिलेला असतो, मुलं तो चालवून आउटपुट फाइलला लावतात, सबमिशन होतं, ओरल होते. अशा विभागात न्यूरल नेटवर्क म्हणजे इंटरनेटवरून उतरवलेली एक फाइल, एवढंच शिक्षण पदरात पडतं.

आणखी एक गोष्ट पालकांना कोणी सांगत नाही. एनबीएचं, म्हणजे राष्ट्रीय मानांकन मंडळाचं, मानांकन कॉलेजला मिळत नाही, एकेका अभ्यासक्रमाला मिळतं, आणि त्यासाठी अर्ज करायला त्या अभ्यासक्रमाच्या किमान दोन तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडलेल्या असाव्या लागतात. दारावर ‘एनबीए ॲक्रेडिटेड’ असा फलक असला तरी नुकत्याच उघडलेल्या शाखेला ते लागू असूच शकत नाही. प्लेसमेंटच्या आकड्यांचंही तसंच. जुन्या कॉम्प्युटर विभागाची पॅकेजेस नव्या विभागाच्या माहितीपत्रकात छापलेली असतात.

आता विषयाकडे येतो, कारण ‘बेसिक्स पक्के हवेत’ असं नुसतं म्हणून कोणाला काही पटत नाही. तत्काळ तिकिटाचं उदाहरण घ्या. सकाळी दहाला एसी डब्यांचं बुकिंग उघडतं, अकराला स्लीपरचं. त्या क्षणी देशभरातून असंख्य माणसं एकाच गाडीवर तुटून पडतात. समजा, कोल्हापूरहून मुंबईला जाणाऱ्या गाडीत एकच बर्थ उरला आहे आणि दोन माणसांनी एकाच वेळी बटण दाबलं. दोघांच्याही पडद्यावर ‘उपलब्ध’ दिसत होतं. दोघांनाही बर्थ दिला तर गाडीत भांडण. कोणालाच न दिला तर रेल्वेचं नुकसान. एकाला द्यायचा तर दुसऱ्याला मध्येच कुठे थांबवायचं? पैसे कापले गेले आणि तेवढ्यात सर्व्हर बंद पडला तर ते परत कसे करायचे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या तासाला मिळतं: क्रिटिकल सेक्शन, लॉक, आणि डायक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात मांडलेला सेमाफोर. दुसऱ्याचं उत्तर डेटाबेसच्या तासाला: व्यवहार पूर्ण तरी होईल नाहीतर अजिबात होणार नाही, अर्धवट राहणार नाही, ही हमी कशी द्यायची. लाखो विनंत्या आल्या तर त्या किती यंत्रांवर कशा वाटायच्या हे नेटवर्क आणि अल्गोरिदमचं काम. आणि इतकं करून दलालांची यंत्रं माणसांच्या आधी तिकिटं उचलत असतील तर ती ओळखायची कशी, इथे मशीन लर्निंग येतं. ते येतं ते या सगळ्याच्या वर येतं. खालचं काहीच ठाऊक नसलेला माणूस तिथे पोचून काही करू शकत नाही.

हे खालचे थर किती टिकतात तेही पाहा. डेटाबेसचं रिलेशनल मॉडेल कॉड यांनी १९७० मध्ये मांडलं. आज आपला बँक बॅलन्स त्याच विचारावर बांधलेल्या टेबलात असतो. ट्युरिंग यांचा निबंध १९३६ चा; यंत्राला काय कधीच सोडवता येणार नाही, याची त्यांनी आखलेली सीमा जागची हललेली नाही. याच्या शेजारी गेल्या पंधरा वर्षांतल्या लाटा ठेवा. २०१० नंतर बिग डेटा आणि हडूप. २०१७ च्या आसपास ब्लॉकचेन. ते इतकं गाजलं की पुण्याच्या २०१९ पॅटर्नमध्ये शेवटच्या वर्षाला त्या नावाचा विषय आला. हडूप शिकवणारे क्लास आज कुठे आहेत? हे विषय अभ्यासक्रमात आले यात गैर काही नव्हतं, कारण पुढचा पॅटर्न आला की विषय काढता येतो. पदवीच्या प्रमाणपत्रावर छापलेलं नाव मात्र काढता येत नाही. ब्लॉकचेनच्या भरात कोणी चार वर्षांची ब्लॉकचेनचीच पदवी घेतली असती तर त्याने आज काय सांगितलं असतं, याचा विचार एआयकडे बघतानाही करावा.

एआय ही ब्लॉकचेनसारखी लाट नाही, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे, माझंही तेच मत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून जे चाललं आहे ते ओसरून जाण्यासारखं नाही. तरीही या क्षेत्राचा स्वतःचा इतिहास चढउतारांचा आहे. १९५६ ला डार्टमथच्या परिषदेत नाव मिळालं, १९७३ च्या लाइटहिल अहवालानंतर ब्रिटनमध्ये पैसा आटला, १९८० च्या दशकात एक्स्पर्ट सिस्टिम्सचा बाजार फुगला आणि दशक संपता संपता बसला. २०१२ नंतर न्यूरल नेटवर्कनी जी झेप घेतली तिचं गणित तोवर जुनं झालं होतं. बॅकप्रॉपगेशनचा गाजलेला निबंध १९८६ चा आहे. मधल्या काळात ज्यांनी रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि कॅल्क्युलस धरून ठेवलं ते या झेपेला तयार होते. ‘एआयमध्ये जायचं आहे’ असं म्हणणाऱ्या मुलाला मी म्हणूनच पहिला प्रश्न गणिताचा विचारतो. गेटच्या परीक्षेत २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा स्वतंत्र पेपर आहे. त्याचा अभ्यासक्रम उघडा: संभाव्यता आणि संख्याशास्त्र, रेषीय बीजगणित, कॅल्क्युलस आणि ऑप्टिमायझेशन हे सगळं आधी, मशीन लर्निंग आणि एआय शेवटी. बारावीला गणिताची धास्ती असलेली मुलं एआयच्या नावाच्या ब्रांचला जातात तेव्हा आपण कुठे चाललो आहोत हे त्यांना कोणीच सांगितलेलं नसतं.

म्हणजे एआयची पदवी वाईट असते का? नाही. आयआयटी हैदराबादने २०१९ मध्ये एआयचा बी.टेक. सुरू केला तो संशोधन करणारे प्राध्यापक हाताशी असताना. जिथे असा विभाग आहे, गणित भरपूर आहे, ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्क कापलेली नाहीत, तिथे आवड असलेल्या मुलाने खुशाल जावं. पण आपल्या बहुसंख्य कॉलेजांत ही अट पुरी होत नाही, आणि तिथे दुसरी वाट उघडी आहे. कॉम्प्युटर, आयटी किंवा ईएनटीसीला (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) प्रवेश घेऊन अठरा-वीस जास्तीच्या क्रेडिटचं एआयमधलं ऑनर्स किंवा मायनर करता येतं. रुंद पाया हातात राहतो आणि आवडीचा विषयही मिळतो. हा क्रम उलटा करता येत नाही. अरुंद पदवी घेऊन मागाहून पाया घालायला बसलेल्या माणसाला नोकरी सांभाळून ते करावं लागतं.

ईएनटीसीचं नाव मी मुद्दाम घेतलं. सिग्नल, मंडलं, कम्युनिकेशन शिकलेला विद्यार्थी सॉफ्टवेअरमध्ये सहज येतो. सॉफ्टवेअरवाल्याला चिप डिझाइनमध्ये जाणं तेवढं सोपं नसतं. सेमीकंडक्टरच्या कामाला देशात आता कुठे सुरुवात होते आहे, आणि या शाखेला ‘कॉम्प्युटर मिळालं नाही म्हणून’ येणाऱ्यांची जागा समजणं थांबायला हवं.

इंजिनिअरिंगच्या बाहेरही पाहा. पुण्यात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स करणाऱ्याला पहिल्या वर्षापासून गणित, संख्याशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स असतं. तीन वर्षं ती, मग एम.एस्सी. किंवा एम.सी.ए.; एम.सी.ए. २०२० पासून दोन वर्षांचं झालं आहे. एवढ्या काळात, विनाअनुदानित इंजिनिअरिंगपेक्षा पुष्कळ कमी खर्चात, मुलगा किंवा मुलगी त्याच नोकरीच्या दारात उभी राहते. ज्याला डेटाचीच ओढ आहे त्याच्यासाठी बी.एस्सी. संख्याशास्त्र हा माझ्या मते एआय नावाच्या साधारण ब्रांचपेक्षा चांगला रस्ता आहे. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी त्याच्याबरोबरीने करणारी मुलं आहेत. बी.सी.ए. मात्र निवडून घ्यावं. २०२४ पासून ते एआयसीटीईच्या कक्षेत आलं, राज्यात त्याला सीईटी लागली, आणि ती चुकवण्यासाठी काही कॉलेजांनी अभ्यासक्रमांची नावंच बदलली. नाव काही असो, गणित किती आहे ते बघा.

एक पोटतिडकीची गोष्ट. आजही अनेक घरांत भावाला इंजिनिअरिंग आणि बहिणीला, तिला जास्त मार्क असूनही, गावातलंच बी.सी.ए. अशी वाटणी होते, आणि कारण फीचं दिलं जातं. राज्य सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. प्रवेश कॅपमधून हवा. संस्थेच्या पातळीवर घेतलेल्या प्रवेशाला हे मिळत नाही, म्हणून ऑप्शन फॉर्म तिचाही तेवढ्याच काळजीने भरा.

राहिला नोकरीचा प्रश्न. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या घाऊक भरती करताना ब्रांच पाहतच नव्हत्या; मेकॅनिकल-सिव्हिलची हजारो मुलं त्यांनी घेतली आणि स्वतः शिकवली. आता ती घाऊक भरतीच आक्रसते आहे. टीसीएससारख्या कंपनीने २०२५ मध्ये सुमारे बारा हजार माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. साधा, ठरावीक कोड यंत्र लिहू लागलं आहे, हे खरं. पण त्या कोडमध्ये दोन माणसांना एकच बर्थ जाणार नाही ना हे तपासायला, आणि गेला तर चूक कुठे आहे हे शोधायला, खालचे थर ठाऊक असलेलाच माणूस लागतो. सरकारी नोकरीचा विचार असेल तर आणखी एक खबरदारी घ्यावी. जाहिरातीत पात्र शाखांची यादी असते. आपल्या पदवीचं लांबलचक नाव तिच्यात नसेल तर समकक्षतेच्या कागदांमागे धावावं लागतं. कॉम्प्युटर आणि आयटी या नावांना ती अडचण सहसा येत नाही.

सीईटी सेलकडे माझी एक मागणी आहे. जागांची यादी छापताना प्रत्येक शाखेसमोर तीन रकाने जोडा: शाखा कोणत्या वर्षी सुरू झाली, त्याच विभागात पूर्णवेळ नियमित शिक्षक किती आहेत, आणि त्या अभ्यासक्रमाला एनबीए आहे की नाही. संस्था ही माहिती एआयसीटीईला देतातच, ती गोळा करायला नवी यंत्रणा लागणार नाही.

आणि ती छापली जाईपर्यंत विद्यार्थ्यांनो, तुम्हीच ती काढा. कॉलेजच्या संकेतस्थळावर ‘मँडेटरी डिस्क्लोजर’ नावाची फाइल असते, तिच्यात शिक्षकांची नावं असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा सिलॅबस उतरवून घ्या आणि ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क आणि संभाव्यता हे चारही विषय त्यात आहेत का ते बघा. जमलं तर एक दिवस कॉलेजात जा, कॅन्टीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि या चारांपैकी कोणता विषय खरोखर शिकवला गेला ते विचारा. पसंतीक्रम लावायला त्यानंतर बसा.